काम करा, कळवू नका

घरातलं सर्वांत हुशार यंत्र कुठलं असं विचारलं, तर हल्ली कुणीही खिशातून फोन काढून दाखवेल. माझं मत फ्लशच्या टाकीतल्या गोळ्याला आहे. प्लास्टिकचा पोकळ गोळा, त्याला एक दांडी आणि दांडीच्या टोकाशी पाणी अडवणारी बोटभर झडप. टाकी रिकामी झाली की गोळा खाली जातो, झडप उघडते, पाणी येतं. पाण्याबरोबर गोळा वर चढतो आणि ठरलेल्या उंचीला पोचला की स्वतःच नळ बंद करतो. त्याला वीज लागत नाही, वायफाय लागत नाही, पासवर्ड लागत नाही. टाकी भरली ही बातमी तो कुणाला कळवत नाही. ‘आपला आजचा अनुभव कसा होता?’ असंही विचारत नाही, आणि त्याची नेमणूक कुठल्या खात्यात झाली आहे ते पाहता, विचारत नाही तेच बरं.

आता त्याच इमारतीच्या गच्चीवर चला. तिथली टाकी मोठी, पण प्रश्न तोच. पाणी चढलं पाहिजे आणि वेळेवर थांबलं पाहिजे. इथे मात्र आपण टाकीला वाचा दिली. टाकी भरली की एक बाई खणखणीत हिंदीत जाहीर करते की पाण्याची टाकी भरली आहे, कृपया मोटर बंद करा. कुणी बंद करा, हे ती सांगत नाही. पहिल्या मजल्याला वाटतं, वॉचमन करेल. वॉचमनला वाटतं, सेक्रेटरी खाली उतरतच असतील. सेक्रेटरींना वाटतं, ज्यांनी मेंटेनन्स थकवलाय त्यांनी निदान एवढं तरी करावं. बाई विनवण्या करत राहते आणि पाणी भिंतीवरून ओघळत शेजारच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये जातं. पाणी वर आलं की मोटर आपोआप बंद करणारा फ्लोट स्विच बाजारात मिळतो, आणि तो काही महाग नसतो. पण सोसायटीच्या सभेत तो विषय निघाला की कुणीतरी ज्येष्ठ सभासद उठून विचारतात, “आपोआप बंद झाली, हे आपल्याला कळणार कसं?” या प्रश्नापुढे विज्ञान आजवर थिटं पडत आलं आहे.

यंत्रांच्या बाबतीत आपली खरी भानगड इथेच आहे. काही यंत्रं काम करतात आणि काही यंत्रं आपल्याला काम सांगतात. या दुसऱ्या जातीला हल्ली स्मार्ट म्हणायची पद्धत पडली आहे.

मॉलमधल्या नळांनी तर भल्याभल्यांना नाचायला लावलं. पूर्वी नळ फिरवला की पाणी यायचं. आता नळाच्या पोटात इन्फ्रारेडचा डोळा असतो. हातावरून परतलेला किरण त्याला दिसला की पाणी सुटतं. म्हणजे दिसला तर. त्यामुळे बेसिनसमोर एकेक सुशिक्षित गृहस्थ नळाला हात ओवाळताना आढळतात. आधी विलंबित, मग द्रुत, शेवटी दोन्ही हातांनी. काहीच होत नाही म्हणून ते शेजारच्या नळाकडे सरकतात आणि त्यांनी पाठ फिरवली की पहिला नळ धो धो वाहू लागतो.

टीव्हीची कथा जरा सविस्तर सांगायला हवी. २ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं आणि पुढच्या काही वर्षांत गच्च्यांवर अँटेनांचं पीक आलं. टीव्ही हे तेव्हा दिवाणखान्यातलं यंत्र नव्हतंच. ते दिवाणखान्यापासून गच्चीपर्यंत पसरलेलं होतं आणि मधेमधे त्याला माणसं जोडलेली होती. थोरला भाऊ गच्चीवर अँटेना धरून, मधला गॅलरीत मान वर करून, धाकटा टीव्हीसमोर. “आलं का?” “आलं... आलं... गेलं!” “आता?” “दोन दोन दिसतायत!” “कोण दोन?” “बातम्या देणाऱ्या बाई!” मग थोरला अँटेना केसभर फिरवणार, बाई एक होणार, आणि तेवढ्यात अँटेनावर कावळा येऊन बसणार. तरी त्या टीव्हीत एक गुण होता. पडद्यावर मुंग्या आल्या तर दोष अँटेनाचा, हे घरातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. यंत्र दिसत होतं, आणि त्याचं दुखणंही दिसत होतं.

आता टीव्ही भिंतीला चिकटून सपाट झाला आहे. अँटेना गेली, मुंग्या गेल्या, कावळे दुसरीकडे बसू लागले. आता त्याचं बिघडतं तेव्हा काय बिघडलं हे कुणालाच समजत नाही. संध्याकाळी मालिकेची वेळ होते आणि पडदा निळा. मग आई न्यू जर्सीला फोन लावते, कारण मुलगा तिकडे आहे. तिकडे तेव्हा सकाळचे साडेदहा वाजलेले असतात आणि मुलगा मीटिंगमध्ये असतो.

“आई, टीव्हीवर काय दिसतंय?”

“काही नाही.”

“काही नाही म्हणजे काळं दिसतंय की निळं?”

“निळं. आणि इंग्रजीत लिहिलंय की सिग्नल नाही.”

“म्हणजे सोर्स बदललाय. रिमोटवर सोर्सचं बटण आहे, ते दाब.”

“कुठल्या रिमोटवर?”

“टीव्हीच्या गं. दुसरा सेट टॉप बॉक्सचा.”

“दोन्ही काळेच आहेत.”

“ज्यावर बटणं कमी आहेत तो.”

“त्यावर काही लिहिलेलंच नाही, नुसती चित्रं आहेत.”

“बरं, चौकोनात बाण शिरताना दिसतोय का?”

“शिरतोय की बाहेर येतोय?”

इथे न्यू जर्सीत क्षणभर शांतता पसरते. प्रश्न बरोबर आहे. चौकोन आणि बाण एवढ्या भांडवलावर जगातल्या चित्रकारांनी आत जाणे, बाहेर पडणे, पाठवणे, उतरवून घेणे आणि जागा बदलणे अशी सगळी क्रियापदं काढलेली आहेत.

“बाबांना दे जरा फोन.”

“ते झोपलेत. त्यांनीच तर दाबलं काहीतरी.”

हा मुलगा तिकडे सॉफ्टवेअरच लिहितो, हे सांगायला नको. त्याच्या कंपनीचं सॉफ्टवेअर वापरायला अतिशय सोपं आहे असं त्याच्या कंपनीचं मत आहे.

यंत्रांना गप्प बसता येतच नाही असं मात्र नाही. १९१८ सालच्या अमेरिकेतल्या सिअर्स कंपनीच्या कॅटलॉगमध्ये ‘घरगुती मोटर’ विकायला होती. नुसती मोटर. ती आणायची आणि तिला कधी पंखा जोडायचा, कधी फेटायचं यंत्र, कधी शिलाई मशीन. म्हणजे मोटर ही त्या काळी घरातली एक मानाची वस्तू होती. आपल्याकडे असती तर तिच्यावर क्रोशाचं झाकण आलं असतं आणि दसऱ्याला झेंडूचं फूल. आज कुणी विचारलं की तुमच्या घरात मोटरी किती, तर आपण म्हणू, एकही नाही, जी आहे ती सोसायटीची. आणि मोजायला बसलात तर पंखे, मिक्सर, वॉशिंग मशीन, फ्रिजचा काँप्रेसर, एक्झॉस्ट, केस वाळवायचं यंत्र, एवढंच काय, फोन खिशात थरथरतो तोही बहुधा आतल्या शेंगदाण्याएवढ्या मोटरीच्या जोरावर. मोटरी इतक्या झाल्या की मोटर दिसेनाशी झाली.

झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो इथल्या संशोधन केंद्रात मार्क वायझर नावाचे शास्त्रज्ञ होते. त्यांनी १९९१ मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकात लेख लिहून याच मोटरींचा दाखला दिला. एका मोटारगाडीत वीस-बावीस मोटरी फिरत असतात, चालवणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो, संगणकांचंही असंच होईल आणि व्हायला हवं, असं त्यांचं म्हणणं होतं. भाकीत निम्मं खरं ठरलं. संगणक मुरले खरे, वजनकाट्यात मुरले, दाराच्या कुलपात मुरले, फ्रिजमध्ये मुरले. पण ते आहेत याचा विसर पडू देत नाहीत. मोटरीने कधी पुरणाचं वाटण अर्ध्यावर थांबवून ‘नवी आवृत्ती उपलब्ध आहे, आत्ता घ्यायची की रात्री?’ असं विचारलेलं नाही.

वाटणाचा विषय निघालाच आहे तर सांगतो. १९६० च्या दशकात मुंबईत सत्यप्रकाश माथुर हे इंजिनिअर होते. त्यांच्या पत्नी माधुरी यांचा जर्मन मिक्सर बंद पडला. परदेशी मिक्सरची तयारी फळांचा रस आणि केकचं मिश्रण एवढ्यापुरती. त्याच्यापुढे आपण भिजवलेली डाळ, सुकं खोबरं आणि हळकुंड टाकणार, मग तो जळणार नाही तर काय. त्यातून ‘सुमीत’ मिक्सर जन्माला आला. माथुरांनी काय केलं, तर माणसांना डाळ वाटायची रीत बदलायला सांगितलं नाही, मोटर दणकट केली. हे ऐकायला सोपं वाटतं. आजचा एखादा कंपनीवाला असता तर त्याने हळकुंड टाकणाऱ्यांसाठी शिकवणीचा व्हिडिओ काढला असता.

भाताचंही तसंच. जपानमध्ये तोशिबाने १९५५ मध्ये विजेवर आपोआप चालणारा भाताचा कुकर बाजारात आणला. तो तयार करण्याचं काम त्यांनी योशितादा मिनामी या छोट्या कारखानदाराकडे सोपवलं होतं, आणि दिवसरात्र भात शिजवून पाहण्याचं खरं काम त्यांच्या पत्नी फुमिको यांनी केलं. युक्ती अशी की बाहेरच्या भांड्यात पेलाभर पाणी घालायचं. पाणी शिल्लक आहे तोवर तिथलं तापमान शंभर अंशांपुढे जात नाही. पाणी आटलं की ते चढतं, दोन धातूंची जोडपट्टी वाकते आणि बटण खट्कन बंद पडतं. भात झाला. कुणी बघायला नको, ढवळायला नको.

आपण मात्र शिट्ट्या मोजतो. प्रेशर कुकरची शिट्टी म्हणजे जास्तीची वाफ सोडणारं वजन. तिला वेळ कळत नाही, डाळ तर मुळीच कळत नाही. कुकरसोबत येणाऱ्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं की वाफ पुरेशी धरली की आच कमी करा आणि घड्याळाकडे बघा. ही पुस्तिका महाराष्ट्रात कुणी वाचलेली नाही. ती कपाटात मंगळागौरीच्या फोटोंखाली असते. आपल्याकडे बाई शॉवरखालून विचारते, “किती झाल्या?” आणि पेपर वाचणारे गृहस्थ खात्रीने सांगतात, “तीन,” ज्यातली एक शेजारच्यांची असते. तरीही वरण शिजतं. याचं श्रेय कुकरलाच द्यायला हवं, कारण मोजणाऱ्याच्या भरवशावर तो मुळीच राहत नाही. वाफ आत कोंडलेली असेल तर त्याचं झाकण उघडत नाही, वाट तुंबली तर सुरक्षेची झडप आहे. माणूस चुकणार हे गृहीत धरूनच त्याला घडवलंय.

आता खिशातल्या फोनकडे. आमच्या ओळखीतल्या तमाम आज्या, मावश्या आणि काकूंना ईमेल कधीच जमला नाही आणि व्हॉट्सअ‍ॅप आठवड्यात जमलं. ही काही जादू नाही. ईमेलला आधी नाव ठरवा, ते कुणीतरी घेतलेलं असतं म्हणून त्यापुढे जन्मसाल जोडा, पासवर्ड ठरवा, त्यात एक आकडा घाला, एक मोठं अक्षर घाला, एक चिन्ह घाला, आणि मग तो विसरा. २००९ मध्ये निघालेल्या व्हॉट्सअ‍ॅपने हे सगळं गुंडाळलं. तुमचा फोन नंबर हीच तुमची ओळख आणि फोनमधली नावं हीच तुमची माणसं. खातं उघडलं हे आजीला कळलंसुद्धा नाही, ती थेट नातवाचा फोटो बघायला लागली. पुढे २०१४ च्या नोव्हेंबरात त्यांनी निरोप वाचला गेला की निळ्या खुणा दाखवायला सुरुवात केली. जे गुपचूप चाललं होतं ते दिसायला लागलं आणि तेव्हापासून घराघरात एक नवीन वाक्य रुजू झालं. “बघितलंस, आणि उत्तर नाही दिलंस.” किती दिरा-जावांमध्ये त्या दोन निळ्या रेघांनी अबोला घडवला असेल याची गणती कुणी ठेवलेली नाही.

पैसे पाठवण्याचा प्रकार तर याहून नवलाचा. पूर्वी इंटरनेटवरून कुणाच्या खात्यात पैसे टाकायचे म्हणजे लग्न जमवण्यापेक्षा जास्त माहिती लागायची. खात्यावरचं नाव, खाते क्रमांक, तोच क्रमांक पुन्हा एकदा, शाखा, आणि आयएफएससी नावाचा अकरा अक्षरांचा मंत्र. त्या मंत्रातलं पाचवं अक्षर नेहमी शून्य असतं. पण ते शून्य की इंग्रजी ओ, या वादात कितीतरी जणांची दुपार गेली आहे. एवढं सगळं भरून झालं की बँक सांगणार की या नव्या माणसाला पैसे पाठवण्यापूर्वी काही तास थांबा. जणू रागाच्या भरात कुणी पैसे पाठवत होतं.

११ एप्रिल २०१६ ला मुंबईत रिझर्व्ह बँकेचे तेव्हाचे गव्हर्नर रघुराम राजन यांनी यूपीआयचं उद्घाटन केलं आणि हा मंत्र पडद्याआड गेला. गेला म्हणजे नष्ट नाही झाला. दोन बँका, मधलं नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनचं यंत्र, खाती, परवानग्या, सगळं तिथेच आहे. फक्त ते आता आपल्याला दाखवत नाहीत. आपण वडापावच्या गाडीवर चौकोनी ठिपक्यांच्या चित्रापुढे फोन धरतो, आकडा घालतो, पिन दाबतो आणि चटणी जास्त मागतो.

ते ठिपक्यांचं चित्रही मोठं गुणी. टोयोटाच्या गोतावळ्यातल्या डेन्सो कंपनीत मासाहिरो हारा यांनी १९९४ मध्ये ते मोटारींच्या सुट्या भागांचा हिशेब ठेवण्यासाठी बनवलं. तीन कोपऱ्यांतल्या तीन चौकोनांमुळे ते उलटंसुलटं कसंही धरलं तरी वाचता येतं. आणि त्यात माहिती अशी राखून भरलेली असते की अगदी मजबूत जातीच्या चित्राचा सुमारे तीस टक्के भाग खराब झाला तरी उरलेल्यावरून सगळं जुळवता येतं. जपानमध्ये हे कारखान्यातल्या तेलकट डागांचा विचार करून केलं असणार. त्याचा खरा कस लागला तो इकडे. आमच्या नाक्यावरच्या गाडीवर त्या चित्राच्या एका कोपऱ्याला तर्रीचा ओघळ आहे, मधोमध पिठाचं बोट आणि वर एका देवाचा स्टिकर. तरी पैसे पोचतात. देवाचा वाटा किती आणि गणिताचा किती, हे गाडीवाल्याला विचारलं तर तो वादात पडत नाही.

आता एक अडचण सांगतो, कारण इथे माझ्या फ्लशच्या गोळ्याचा न्याय लागू पडेना. पैसे इतके गुपचूप जायला लागले की ते आले की नाही हेच भाजीवाल्या मावशींना कळेना. गिऱ्हाईक फोनचा पडदा नाकासमोर धरून “गेले बघा” म्हणणार. मावशींचे हात कोथिंबिरीत, चष्मा घरी, आणि पडद्यावरचा व्यवहार आजचा की गेल्या आठवड्याचा हे बघायची सवड कुणाला? फसवणारे फसवायला लागले. मग ती बोलणारी पेटी आली. पैसे जमा झाले की ती रस्त्याच्या मधोमध गर्जते, ‘पंचेचाळीस रुपये प्राप्त झाले.’ मावशी मान वर न करता जुडी पुढे करतात. टाकीवरची बाई आणि ही पेटी, दोघी ओरडतातच. पण पेटी तुमच्याकडे काम मागत नाही, झालेल्या कामाची पावती देते, आणि ज्याला हवी असते त्यालाच देते. म्हणजे जवळपास त्यालाच. वाइन शॉपच्या काउंटरवर ती ज्या आवाजात आकडा सांगते, तो मागे उभ्या असलेल्या सासरेबुवांसाठी नक्कीच नसतो.

उलट दिशेनेही एक गंमत चालते. यंत्राने आपल्यापासून स्वतःला लपवावं हे राहिलं बाजूला, आपणच यंत्र नाही हे आपल्याला यंत्रापुढे सिद्ध करावं लागतं. विजेचं बिल भरायला बसलेल्या निवृत्त मुख्याध्यापकांना पडद्यावर नऊ फोटो दाखवून विचारतात की यातले रस्त्यावरचे बंब कुठले. हे बंब म्हणजे अमेरिकेतल्या पदपथावर आग विझवायच्या पाण्यासाठी उभे असलेले लाल-पिवळे ठोंबे. सर आयुष्यभर साताऱ्यात राहिलेले. त्यांनी असला ठोंबा सिनेमातही नीट पाहिलेला नाही. मग सिग्नल ओळखायला सांगतात. सिग्नल म्हणजे नुसते दिवे, की खांबसुद्धा? खांबाचा एक वितभर तुकडा शेजारच्या चौकोनात आलाय, तो धरायचा का? चाळीस वर्षं दुसऱ्यांचे पेपर तपासलेले सर घामाघूम होतात आणि यंत्र म्हणतं, पुन्हा प्रयत्न करा.

इथपर्यंत हसण्यावारी नेता येतं. रेशनच्या दुकानातल्या यंत्रापुढे नाही येत. धान्य मिळायचं तर अंगठा लावा, हा नियम. ठसा जुळला की धान्य, नाही जुळला तर बोट पुसा, पुन्हा लावा, दुसरं बोट लावा, उद्या या. आणि ठसे कुणाचे जुळत नाहीत? ज्यांनी जन्मभर भांडी घासली, विटा उचलल्या, ऊस तोडला, त्यांचे. काम करून करून ज्यांच्या रेघा पुसल्या गेल्या, त्यांनाच यंत्र ओळखत नाही. खुर्चीत बसून हे असलं लिहिणाऱ्याचा अंगठा पहिल्या झटक्याला जुळतो.

आणि जे गुपचूप चालतं, ते सगळं यंत्रच चालवतं असंही समजू नका. मुंबईचं पाणी घ्या. तुळशी आणि विहार वगळता बाकीचे तलाव ठाणे-नाशिकच्या बाजूला, पार दूर. विहारचं पाणी १८६० पासून शहराला मिळतंय. मुंबईकर सकाळी डोळे चोळत नळ सोडतो आणि पाणी येतं. त्यात त्याला काही विशेष वाटत नाही. पण शहराच्या वेगवेगळ्या भागांत पाणी सोडायच्या वेळा वेगवेगळ्या, आणि त्या वेळा पाळतात ते महापालिकेचे चावीवाले. लांबलचक लोखंडी चावी घेऊन रस्त्यातलं झाकण उघडायचं, व्हॉल्व्ह फिरवायचा, झाकण लावायचं, पुढच्या गल्लीत जायचं. पाणी नियमित येतं तोवर या माणसाचं अस्तित्व कुणाच्या गावी नसतं. एक दिवस पाणी आलं नाही की मात्र सगळ्या वस्तीला त्याच्या घरचा पत्ता पाठ असतो.

टीव्हीच्या बाबतीतला असा चावीवाला प्रत्येक कुटुंबात एक असतो. बहुधा भाचा. त्याचं शिक्षण काय झालंय याला महत्त्व नसतं. त्याने एकदा, आठवीत असताना, कुणाच्या तरी फोनचा आवाज वाढवून दिलेला असतो आणि तेव्हापासून तो ‘त्यातला’ ठरलेला असतो. साखरपुड्यात, बारशाला, एवढंच काय, तेराव्यालाही त्याला कोपऱ्यात बोलावून हळूच फोन हातात देतात आणि म्हणतात, “बघ रे, याला काय झालंय.” मोठमोठ्या कंपन्यांचे फोन, टीव्ही आणि प्रिंटर आपल्याकडे वापरायला सोपे आहेत ते या भाच्यांच्या जीवावर. त्यांना पगार नाही, मानधन नाही. फार तर एक जास्तीचा लाडू.

तेव्हा यंत्रं घडवणाऱ्या आणि सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या सर्व मंडळींना, विशेषतः न्यू जर्सीत बसलेल्यांना, हात जोडून सांगणं आहे. नवीन काहीही बाजारात आणण्याआधी ते आठ दिवस एखाद्या घरात नुसतं ठेवून बघा, पुस्तिकेशिवाय आणि भाच्याशिवाय. दूध उतू जातंय, दारात कुरिअर आलंय आणि फोन वाजतोय, अशा वेळी ते कसं चालतं ते पाहा. आम्हाला पाच तारे मागू नका. आमच्या वाढदिवसाला शुभेच्छा पाठवू नका, त्या द्यायला नातेवाईक पुरेसे आहेत. आणि अपडेटच्या नावाखाली बटणांच्या जागा बदलू नका. माझ्या मावशीने व्हिडिओ कॉल कसा लावायचा हे नावाने नाही, जागेने पाठ केलंय, वर उजवीकडून दुसरं. मोठ्या कष्टाने केलंय. ते बटण कृपा करून पुढची दहा वर्षं तिथेच राहू द्या.